दोन सूत

"सारखंय," आप्पा म्हणाले. "लाव आता."

मी दोन्ही हातांनी डिकीचं दार खाली ओढलं. ते आलं, कडीवर ठक्कन आपटलं आणि पुन्हा वर उठलं. दुपारी दोनपासून हे सहाव्यांदा होत होतं.

"सारखं नाही, आप्पा. डावी बाजू बाहेर राहतेय. सहा मिलिमीटर तरी."

"मिलिमीटर तुझ्या शाळंत. हितं सूत बोलायचं."

"बरं. दोन सूत बाहेर आहे."

"दोन सूत? अर्धा सूत बी न्हाई! छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर हुतो मी. रोलर किती सूत सरकलाय ते लांबनं एका नजरंत सांगत हुतो. आन् तू मला शिकवतीस व्हय?"

आठ सूत म्हणजे एक इंच. सुतार, गवंडी, फिटर सगळे त्यातच बोलतात, हे मला या घरात सून म्हणून आल्यावर कळलं, कारण आमच्या सासऱ्यांना भाकरीची जाडीसुद्धा सुतातच सांगायची सवय होती. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे मिलिमीटर सोडायला तयार नव्हते. थोडक्यात सांगायचं तर सुतावरून आम्ही रोज भांडायचो आणि आमचं दोघांचं सूत तेरा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

ही गोष्ट जयसिंगपूरची, डिसेंबरातल्या एका रविवारची. तिला आता सतरा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कोल्हापुरात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि माझ्या मुलीची, मैत्रेयीची, त्यात निवड झाली होती. सहावीतली पोर आणि तिचे आजोबा, दोघांनी चार महिने खपून उसाचा चालता घाणा केला होता. साडेतीन फूट लांब, तीन रोलर, खाली मोटर, एका बाजूनं ऊस घातला की दुसऱ्या बाजूनं खरोखरचा रस. तो व्हरांड्यात चादर पांघरून बसला होता. एसटीतून नेण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. माझा नवरा अभय नोकरीला होसूरला, मला सोमवारी शाळेत तपासणी, रजेचं नाव काढायची सोय नाही. तेव्हा आप्पांनी नातीला आणि घाण्याला आमच्या उंच गाडीतून घेऊन जायचं, असं महिनाभर आधी ठरलं होतं.

आणि शनिवारी संध्याकाळी बाजारातून परत आले, तर डिकीचं दार वाकडं.

"कुणीतरी टेंपोवाल्यानं ठोकली," एवढंच म्हणाले. "बाजारात लावून गेलो हुतो. आलो तर ही अवस्था."

नेहमीचा गॅरेजवाला भाच्याच्या लग्नाला गेला होता. दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागू द्यायला आप्पा तयार नव्हते. "घरात फिटर असताना गॅरेज कशाला?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. तसंच दुसरं ठरलेलं बोलणं होतं, "घरात ड्रायव्हर असताना तुला कशाला गाडी?" माझ्याकडे परवाना होता. लग्नाआधी मी वडिलांची गाडी सांगलीच्या बाजारातून चालवायचे. या घरात मात्र माझा हात स्कूटीच्या पलीकडे गेला नव्हता.

"दोरीनं बांधा की दार," पायरीवरून सासूबाई, म्हणजे आमच्या आई, म्हणाल्या. त्या सुपात वालपापडी निवडत बसल्या होत्या. एक पाय लांब केलेला, गुडघ्याला पट्टा. "कोल्हापूर काय लांब हाय? जाईल तेवढं."

"आन् हातकणंगल्याच्या खड्ड्यात दोरी सुटली की घाणा रस्त्यावर!" आप्पा खेकसले. "गप शेंगा निवड."

"मी येते न्हवं संगं. धरून बसते दार."

"गुडघा घेऊन कुठं येतीस? सकाळपास्नं धा वेळा सांगितलं."

सांगितलं खरं, पण आईंनी ऐकलं नव्हतं. सकाळपासून त्यांचं "मी येते, मी येते" चाललं होतं. मला त्याचंही नवल वाटलं नाही. आप्पा गाडी काढणार आणि आई शेजारी बसणार नाहीत, असं व्हायचंच नाही. बसल्या की तोंड बंद नाही. सायकलवाला आला, म्हैस उभी हाय, पोरगं धावतंय, वळण आलं, जरा दमानं. अभय त्यांना "आकाशवाणी" म्हणायचा. मैत्रेयी मागच्या सीटवरून त्यांची हुबेहूब नक्कल करायची आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

"बारा नंबरचा पाना दे," आप्पा म्हणाले.

मी दिला. त्यांनी उजवीकडच्या बिजागराचे नट पुन्हा सैल केले.

"आप्पा, उजवीकडे काही झालेलंच नाही. ती बाजू नीट बसतेय. सरकलंय ते डावीकडचं बिजागर."

"तू दार धर. बोलू नको."

दार धरणं म्हणजे काय, हे ज्यानं धरलंय त्यालाच कळेल. त्याला वर उचलणाऱ्या दोन दांड्या आप्पांनी आधीच काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे सगळं वजन माझ्या खांद्यावर. घामानं चष्मा घसरत होता. तो वर करायला हात मोकळा नव्हता. मी आधी नटांच्या भोवती पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, म्हणजे कुठून किती सरकवलं ते कळलं असतं. आप्पांनी त्या अंगठ्यानं पुसून टाकल्या. "खुणा नवशिके करत्यात," म्हणाले.

उजवी बाजू त्यांनी इकडे केली, तिकडे केली, पुन्हा होती तिथं आणून आवळली. मी दार खाली घेतलं. ठक्. वर.

"बघा!"

"काय बघा? सारखंच हाय. कडीच वाकडी असंल."

मग कडी सोडली. कडी बघितली. कडी सरळ होती. कडी परत बसवली. त्यात पाऊण तास गेला. मी रडेन की ओरडेन, ते कळेनासं झालं होतं. उद्या सकाळी माझी पोर नवा फ्रॉक घालून उभी राहणार, तिच्यासमोर चार महिन्यांचा घाणा चादरीत तसाच पडून असणार, आणि कारण काय, तर आजोबांना डावी बाजू डावी म्हणायची लाज वाटते! मला इतका संताप आला होता की हातातला पाना कुंपणापलीकडे भिरकावून द्यावा.

"साडेपाच वाजले," आईंनी हाक दिली. "दिवस बुडायच्या आत जेवून घ्या. मागनं न्हाई म्हणू नका."

आमच्या घरात सूर्य मावळल्यावर ताट वाढत नाहीत. आप्पांनी तो नेम कारखान्याच्या रात्रपाळीतही मोडला नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी आईंकडे बघितलंसुद्धा नाही.

एक नट हातातून निसटला आणि गाडीखाली गेला. मी गुडघ्यावर बसून तो शोधू लागले, आणि बंपरच्या डाव्या कोपऱ्याला, खालच्या बाजूला, मला रंगाचा ओरखडा दिसला. पोपटी हिरवा. दिवाळीत मी स्वतः उभी राहून आमच्या फाटकाच्या खांबाला लावून घेतलेला तोच रंग. मी मान वळवून खांबाकडे बघितलं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत त्याचे टवके उडालेले होते.

म्हणजे टेंपो नाही, बाजार नाही. घरच्या फाटकात गाडी घेताना घरच्याच खांबाला! आणि वर खोटं. तेही माझ्याशी, जिला ते रोज हिशोबी, चिकित्सक, मास्तरीण म्हणून टोमणे मारायचे.

मी उठले. आता बोलायचंच, असं ठरवून तोंड उघडलं होतं.

"पाना कुठं ठेवलास?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्या पायाशी."

ते वाकून शोधू लागले. पाना त्यांच्या डाव्या चपलेला लागूनच पडला होता, त्यावर ऊन चमकत होतं. ते उजवीकडे बघत होते, पुढे बघत होते, पेटीत हात घालून खडखडाट करत होते. "कुठं हाय? पायाशी म्हणं!" मग ते पुरते डावीकडे वळले तेव्हा त्यांना तो दिसला. "हितं टाकलाय व्हय, वाटेत," असं पुटपुटत त्यांनी उचलला.

खांबाचं बोलणं मी नंतरवर टाकलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग दार खाली घेतलं, कडीवर नुसतं टेकवलं. पेटीतला नारिंगी मुठीचा मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डाव्या फटीत खुपसला. तो तिथं घट्ट अडकला, वीतभर बाहेर. मी बाजूला झाले.

"आप्पा, आता बघा बरं. एकदा नीट बघा."

ते गाडीच्या मागे मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, कारखान्यात उभे राहत असतील तसे. एक नजर टाकली.

"हां! आता कसं. दोन्हीकडं सारखं. म्हटलं हुतं न्हवं तुला?"

पायरीवर शेंगांचा आवाज थांबला होता. आईंनी स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे. सूप त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "डाव्या अंगाला बघा की."

तोच सूर. गाडीत असायचा तोच, थोडा किरकिरा, थोडा घाईचा. आणि मला एकदम ऐकू आलं. डाव्या अंगाला सायकलवाला आला. डाव्या अंगाला म्हैस उभी हाय. पोरगं धावतंय बघा, डाव्या अंगाला. आम्ही हसायचो त्या सगळ्या वाक्यांत हे दोन शब्द होते आणि ते कधी माझ्या कानात शिरलेच नव्हते.

आप्पांनी मान वळवली. नारिंगी मूठ दिसेपर्यंत वळवली. मग पुढे होऊन त्यांनी स्क्रूड्रायव्हर ओढून काढला आणि पेटीत जागच्या जागी ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी चिंधी उचलली. आई बोलल्या.

"दोन वर्षांमागं चक्कर आली हुती बघ, मिरजंला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डोळं चांगलं हायीत, पर मेंदूत गुठळी झालीया. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं निम्मं दिसणार न्हाई. गाडी बंद करा म्हणाले."

"आणि अभयला सांगितलं नाही?"

"मी सांगू दिलं न्हाई," आप्पा म्हणाले. "उगं पोरगं घाबरंल. मान वळवून बघितलं की दिसतंय मला सगळं."

"काल वळवली होती का मान?" माझा आवाज चढला. तेरा वर्षांत मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. "खांबाचा रंग लागलाय गाडीला, आप्पा! आपल्या खांबाचा! उद्या माझी पोर बसणार होती या गाडीत. माझी पोर!"

"माझी बी नातच हाय ती!"

"मग?"

आप्पा मागच्या बंपरवर बसले. हातात चिंधी होती, तिला बोटं पुसत राहिले. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती.

"घाणा मी नेतो म्हणून शब्द दिलाय तिला," ते म्हणाले. "आता काय सांगू? आजोबा निम्मा आंधळा झाला म्हणून सांगू? आन् एकदा चावी ठेवली, की मग मी काय करायचं? पेपर वाचत बसायचं? त्यो बी निम्माच दिसतोय."

मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी मान वर केली. "ऐक," आईंना म्हणाले. "तू चल उद्या. पट्टा बांध घट्ट. तू सांगत जा, मी चालवतो. दोन वर्षं काय झालं का? दोघं मिळून नेऊ पोरीला."

सकाळपासून "मी येते" म्हणणाऱ्या आई. मला वाटलं, आता हो म्हणतील. त्या हात टेकून उठल्या, पायरी उतरल्या, लंगडत गाडीपर्यंत आल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई म्हंजे?"

"दमले मी. दोन वर्षं गाडीत नुसती डाव्या अंगाला बघत बसतेय. एखादी म्हैस मला दिसली न्हाई तर? एखादं पोर? घरी येऊन पाणी बी गिळत न्हाई मला. सकाळपास्नं येते येते म्हणत हुते, ते तुम्ही एकटं जाऊ नये म्हणून. पोरगं मला आकाशवाणी म्हणतंय, म्हणू दे. पर आता हिला कळलंय. आता माझ्यानं हुणार न्हाई." मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बी चालवायची न्हाई. मी सांगते म्हणून."

आप्पांना तसं कुणी कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आईंनी तर नाहीच. आई तशाच लंगडत घरात गेल्या.

ऊन कुंपणावर चढलं होतं. मला दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून मी पाना उचलला आणि डावीकडच्या बिजागरापाशी गेले.

"चारी नट एकदम सोडू नको," मागून आप्पा म्हणाले. "दोन सोड. दोन नुसतं सैल कर."

मी केलं. ते उठून माझ्या शेजारी आले. त्यांनी दार एका हातानं पेललं आणि दुसऱ्या हाताचं बोट डाव्या काठावरून वरून खाली फिरवलं. त्यासाठी त्यांनी डोळे मिटले होते.

"दोन सूत," ते म्हणाले. "बरोबर हाय तुझं. ढकल आत. अजून. अजून जरा... बास. आवळ."

मी आवळलं. खालचं रबरी बूच दोन आटे आत फिरवलं. दांड्या परत बसवल्या. मग दार खाली घेतलं आणि ते खट् करून बसलं. मी पट्टी लावून दोन्हीकडे मोजलं. सारखं होतं. इतका वेळ जिच्यासाठी जीव आटवला ती गोष्ट पाच मिनिटांत झाली होती, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही.

आप्पांनी हत्यारं एकेक पुसून पेटीत लावली. तोवर सूर्य मावळला. आईंनी वाढून ठेवलेली ताटं झाकली. त्या दिवशी आम्ही तिघंही जेवलो नाही. मैत्रेयी प्रदर्शनाच्या तालमीसाठी तिच्या विज्ञानाच्या बाईंच्या घरी गेली होती, ती तिथूनच खाऊन आली. ती दार चार वेळा उघडून लावून बघून नाचली. मी मुख्याध्यापिकांना फोन केला.

"उद्या मी येत नाही," मी म्हणाले.

"अहो, तपासणी आहे! गणिताच्या वह्या कोण दाखवणार?"

"माहीत नाही, बाई. मी येत नाही." त्या पुढे बरंच बोलल्या. मी ऐकून घेतलं.

आप्पांनी चावी मला दिली नाही. मी मागितलीही नाही. मागायचं धैर्य होत नव्हतं आणि मागायला लागू नये असंही वाटत होतं. पहाटे साडेपाचला मी व्हरांड्यात आले, तेव्हा घाण्यावरच्या चादरीवर, बरोबर मधोमध, ती ठेवलेली होती. आप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. मैत्रेयीला त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "आई, तुला येते ना गं चालवायला?"

"येते," मी म्हणाले.

घाणा चढवला. डिकी लावली. आप्पा पुढे माझ्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली तर आई घरातून लगबगीनं आल्या, गुडघ्याला पट्टा, हातात डबा.

"तू कुठं?" आप्पा म्हणाले. "काल न्हाई म्हणालीस न्हवं?"

"काल म्हणाले हुते. आज येते. नातीचा घाणा बघायचाय मला."

त्या मागे मैत्रेयीजवळ बसल्या. मी खांबापासून हातभर जागा ठेवून गाडी बाहेर काढली. पहिल्या चौकात गिअर खरखरला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. रेल्वे फाटक ओलांडलं, पेठ संपली, उसाच्या बैलगाड्या लागल्या. मैत्रेयी मोठमोठ्यानं घाण्याची माहिती पाठ म्हणत होती: पहिला रोलर, दुसरा रोलर, रसाची पन्हळ.

मी आरशात बघितलं. आईंची मान खिडकीला टेकली होती, तोंड जरासं उघडं, डबा मांडीवरून घसरायला आलेला. गाव मागे पडायच्या आत त्यांना गाढ झोप लागली होती.

आप्पा सीटवर मागे वळले. पुरते वळले. कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग नातीला म्हणाले,

"हळू म्हण गं पोरी. आज्जीला झोपू दे."